चाकण ते नागपूर पोकलेन नेण्याचे भाडे: टन-किलोमीटरच्या हिशेबात काय सुटते

आपला प्रश्न असा, की चाकणला विकत घेतलेले २० टनी वर्गातले जुने पोकलेन नागपूरजवळच्या साइटवर न्यायचे आहे. आपल्या हिशेबाने २१ टन, ७२० किलोमीटर आणि टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेण्याला) ३ रुपये धरून सुमारे ४५ हजार रुपये होतात, आणि प्रत्यक्षात मात्र ६२ हजार, १ लाख ५ हजार आणि १ लाख २८ हजार असे तीन दर आले आहेत. तिघांपैकी कोणी लुबाडत आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते लुबाडणूक कमी आणि हिशेबाच्या पद्धतीतला फरक जास्त आहे. टन-किलोमीटरचा दर सिमेंटच्या गोण्यांना किंवा सळईला चालतो, कारण त्या गाडीला परतीचा माल मिळण्याची शक्यता असते. लो-बेड ट्रेलरला (जड यंत्रे नेणाऱ्या, जमिनीलगत फलाट असलेल्या ट्रेलरला) तो बहुधा मिळत नाही. त्यामुळे आपण भाडे देतो ते यंत्राच्या वजनाचे नव्हे, तर तो ट्रेलर आपल्यासाठी जितके दिवस अडकून राहतो त्या दिवसांचे आणि त्याच्या रिकाम्या परतीचे.

मी स्वतः अंदाज बांधतो तो असा. भरलेला ट्रेलर लिटरला साधारण सव्वादोन किलोमीटर जातो, म्हणजे जाताना ३२० लिटर. रिकामा साडेतीन जातो, म्हणजे येताना सुमारे २०५ लिटर. डिझेल ९० रुपये धरले तर हेच ४७ हजारांच्या वर जाते, म्हणजे आपला संपूर्ण अंदाज केवळ डिझेलमध्ये संपला. मग दिवस मोजायचे: चढवायला एक, जायला तीन (लो-बेड दिवसाला २५०-३०० किलोमीटरपेक्षा जास्त नेण्याचा आग्रह धरू नये), उतरवायला एक आणि परतीला दोन, असे सात. गाडीचा हप्ता, टायर, विमा, चालक आणि क्लीनरचा भत्ता मिळून दिवसाला साडेसहा हजार धरले, तर ४५,५०० रुपये होतात. दोन्ही मिळून ९२,७५० झाले. त्यावर दोन्ही बाजूंचा टोल आणि वाहतूकदाराचा नफा. टोल अॅक्सलच्या संख्येप्रमाणे लागतो, त्यामुळे गाडी कोणती येणार हे ठरल्याशिवाय तो आकडा पक्का होत नाही. हे दर माझ्या अनुभवाचे आहेत आणि दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतील, पण १ लाख ५ हजारांचा दर मला यामुळेच रास्त वाटतो.

६२ हजारांच्या दराला दोनच कारणे संभवतात. एक म्हणजे विदर्भातला कोणी ट्रेलर पुण्याकडे यंत्र टाकून रिकामा परतणार आहे. तसे असेल तर डोळे झाकून घ्यावा, फक्त तारीख त्याच्या सोयीने ठरेल हे मान्य करावे. दुसरे कारण असे, की तो लो-बेड नसून साधा उंच फलाटाचा ट्रेलर आहे. २० टनी पोकलेन बूम (पुढचा लांब हात) मिटवून ठेवले तरी सुमारे ३ मीटर उंच राहते. लो-बेडचा फलाट जमिनीपासून मीटरभर असतो, म्हणजे एकूण उंची ४ मीटरच्या आसपास येते. उंच फलाट दीड मीटरचा असेल तर तीच साडेचार मीटर होते. राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलांखालून कदाचित ते निघेलही, पण गावाजवळचा जुना रेल्वेपूल आणि रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा तितकी उंची देतीलच असे नाही. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता फलाटाच्या उंचीचा विचारावा.

रुंदीकडे तर फार कमी लोक लक्ष देतात. ६०० मिलीमीटरचे ट्रॅक-शू (ज्या साखळीवर म्हणजे ट्रॅकवर यंत्र चालते, तिच्या पोलादी पट्ट्या) असलेले हे यंत्र साधारण २.८ मीटर रुंद असते आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतली मर्यादा २.६ मीटरची आहे, म्हणजे वजन मर्यादेत असूनही हा माल ‘ओव्हर डायमेन्शनल’, म्हणजे ठरलेल्या मापांपेक्षा मोठा, ठरतो. त्याची परवानगी कोण काढणार आणि तिचा खर्च भाड्यात धरला आहे का, हे दरपत्रकात लिहून घ्यावे. ई-वे बिलातही (जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन परवान्यात) हीच गोष्ट येते: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ७२० किलोमीटरसाठी चारच दिवसांची मुदत मिळते, तर ओव्हर डायमेन्शनल मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे ३६ दिवस. बिल तयार करताना वाहनाचा प्रकार चुकीचा निवडला गेला, तर वाटेत टायर फुटून एक दिवस गेला तरी मुदतीची धावपळ सुरू होते.

शेवटच्या दोन किलोमीटरांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे स्वतःचे पैसे तिथे गेले आहेत. यवतमाळकडच्या एका कामावर आमचा ट्रेलर साइटच्या फाट्यापर्यंत वेळेत पोहोचला, पण आदल्या रात्री पाऊस झालेला आणि पुढे सगळी काळी माती. लो-बेडचे पोट जमिनीला इतके जवळ असते की डांबरी रस्त्यावरचा मोठा गतिरोधकसुद्धा त्याला घासतो. चिखलात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. यंत्र फाट्यावरच उतरवून ट्रॅकवर चालवत न्यायचे ठरले, तर गावकऱ्यांनी नवा डांबरी रस्ता उखडेल म्हणून, आणि योग्यच, अडवले. शेवटी जुने टायर गोळा करून ट्रॅकखाली एकामागून एक सरकवत ते नेले. या सगळ्यात दोन दिवस गेले आणि दोन्ही दिवसांचे हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे भाडे) आम्हाला भरावे लागले, कारण किती तास मोफत आणि पुढे दिवसाला किती, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते.

पोकलेन रॅम्पवरून स्वतः चढते, त्यामुळे हायड्राचा (क्रेनचा) खर्च लागत नाही; मात्र दोन्ही टोकांना जाणता ऑपरेटर हजर पाहिजे, कारण चढवतानाच यंत्र उलटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

१ लाख २८ हजारांच्या दरात विमा धरला आहे का, हे अवश्य विचारा. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार, जादा जोखमीचा दर देण्याचे माल पाठवणाऱ्याने स्पष्टपणे मान्य केले नसेल, तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. ६२ हजार भाडे असेल तर ६ लाख २० हजार. आपले यंत्र त्याच्या कितीतरी पट किमतीचे असणार. म्हणून ट्रान्झिट विमा स्वतःच्या नावाने काढावा आणि त्यात चढवणे-उतरवणे समाविष्ट असल्याची खात्री करावी. आपला व्यवसाय जीएसटी-नोंदणीकृत असेल आणि वाहतूकदार स्वतः कर आकारत नसेल, तर भाड्यावर ५ टक्के रिव्हर्स चार्ज (वाहतूकदाराऐवजी ग्राहकाने सरकारला भरायचा जीएसटी) आपल्याला भरावा लागेल. १ लाख ५ हजारांवर ते ५,२५० रुपये होतात आणि तिन्ही दरांत ते बहुधा धरलेले नसतील.

ट्रॅक-शूची नेमकी रुंदी, ट्रेलरवाल्याने सांगितलेली फलाटाची उंची आणि साइटच्या फाट्यापासून पुढच्या रस्त्याचे दोन-तीन फोटो इथे टाकलेत, तर ६२ हजारांची गाडी घ्यावी की नाही, हे मी नक्की सांगू शकेन.