पऱ्हाटीत दुसऱ्या कापसाचं गुणसूत्र

प्रश्न : माझं माहेर वणीकडचं, सध्या राहते कोथरूडला. भाऊ गावी कोरडवाहू पऱ्हाटी करतो. एका कापसाचं अख्खं गुणसूत्र दुसऱ्या कापसात आणून धागा सुधारतात, असं वाचलं. हा बीटीचाच प्रकार का? असं बियाणं भावाला कधी मिळेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, हा बीटीचा प्रकार नाही. बीटीमध्ये मातीतल्या जिवाणूचा जनुक प्रयोगशाळेत कापसात घातलेला असतो. आपल्या देशात त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. गुणसूत्र म्हणजे पेशीतली जनुकांची माळ; त्याचं काम साध्या संकरानं होतं. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, चिठ्ठी बांधायची. पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

तुमचा भाऊ बीटी लावत असेल तर तो बहुधा अमेरिकन कापूस, म्हणजे हिर्सुटम. लांब, तलम धाग्याचा पिमा किंवा इजिप्शियन कापूस म्हणजे बार्बाडेन्स. दोघांतही ५२ गुणसूत्रं, म्हणजे २६ जोड्या असतात, त्यामुळे संकर सहज होतो आणि पहिली पिढी जोमदार येते. धारवाडची वरलक्ष्मी, पुढे डीसीएच-३२ हे असेच संकर. अडचण पुढच्या पिढीत येते. सरकी पुन्हा पेरली की काही झाडं खुरटी, काही उशिरा येणारी, काहींना बोंडंच धड लागत नाहीत. लांब धागा आणि भरघोस वेचणी एकाच झाडावर टिकवणं फार अवघड जातं. म्हणून सगळं एकदम आणण्याऐवजी एका वेळी एकच गुणसूत्र आणायचं, असा हा मार्ग आहे.

याची युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. कापसाची काही झाडं ५१ गुणसूत्रांवरही जगतात. एखाद्या जोडीतलं एक त्यांच्यात नसतं. समजा, २५ क्रमांकाच्या जोडीतलं एक नाही. अशा झाडाला बार्बाडेन्सचा पराग दिला, की संततीतल्या ज्या रोपांत पुन्हा ५१च भरतात, त्यांच्यातलं एकुलतं २५वं गुणसूत्र बार्बाडेन्सचं असतं. त्याला जोडीदार नाही, म्हणून जोडीदाराशी तुकड्यांची देवाणघेवाण नाही; ते अखंड राहतं. त्या रोपाचा पराग परत मूळच्या ५१वाल्या हिर्सुटमला द्यायचा. ज्या परागात ते गुणसूत्र नाही तो सहसा फळतच नाही, त्यामुळे हवं तेच पुढे जातं. असं पाच वेळा केलं की बार्बाडेन्सच्या बाकीच्या गुणसूत्रांचा अंश सरासरी दीड टक्क्यावर येतो. मग स्वपरागण करून ती जोडी पूर्ण झालेलं, ५२ गुणसूत्रांचं झाड निवडायचं.

यातल्या प्रत्येक पिढीत झाडांची गुणसूत्रं मोजावी लागतात. मी पुण्यात पेशीशास्त्र शिकवत असताना मुलांकडून हे करून घ्यायचे. सकाळी फुलांच्या अगदी कोवळ्या कळ्या (पाती) खुडून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकायची. दुसऱ्या दिवशी एक परागकोश काचपट्टीवर घेऊन ॲसिटोकार्मिन या रंगाचा थेंब द्यायचा, लोखंडी सुईनं ठेचायचा (लोखंडामुळे रंग गडद चढतो), वर झाकणकाच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. नेहमीच्या झाडात २६ जोड्या दिसतात. ५१वाल्यात २५ जोड्या आणि बाजूला पडलेलं एकटं गुणसूत्र. ते पहिल्यांदा ओळखू आलं की मुलं खुर्ची सोडायला तयार नसत. ही नजर कृषी महाविद्यालयांनी जपलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. डीएनएच्या खुणांनी काम आता सोपं झालंय, तरी काचपट्टीवर पाहणारं माणूस लागतंच.

अमेरिकेत टेक्सासचे डेव्हिड स्टेली आणि मिसिसिपीचे सुकुमार साहा, जॉनी जेनकिन्स या शास्त्रज्ञांनी टीएम-१ या हिर्सुटम वाणात पिमाची गुणसूत्रं अशी एकेक आणून १७ वाण तयार केले. त्यातल्या २५व्या गुणसूत्राच्या वाणात धागा जास्त लांब, मजबूत आणि तलम निघाला. मात्र गुणसूत्र अख्खं येतं तेव्हा नको ते जनुकही सोबत येतात. त्यामुळे हे वाण थेट शेतात लावायचे नसतात. चांगल्या वाणाशी पुन्हा संकर करून हवा तेवढाच तुकडा ठेवतात. तिथेही फसगत होते. लॉन्गिकॅलिक्स या आफ्रिकी जंगली कापसातून सूत्रकृमींचा (मुळांवर जगणाऱ्या बारीक किड्यांचा) प्रतिकार आणलेले वाण २००७ मध्ये दिले गेले. सूत्रकृमी त्यांच्यावर वाढेनात, पण सूत्रकृमींनी भरलेल्या रानात ती रोपंच खुरटली.

आपल्या देशी कापसाकडे तर तुडतुड्यांना आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्याचे गुण आहेत. त्याची गुणसूत्रं मात्र २६. अमेरिकनशी संकर केला की दोघांची निम्मी निम्मी येऊन ३९ होतात आणि झाड वांझ निघतं. कोल्चिसिन या रसायनानं ती दुप्पट, ७८ करून मग परत परत अमेरिकनशी संकर करत ५२ वर यावं लागतं. काम वर्षानुवर्षांचं आहे, पण विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानासाठी पैसा आणि माणसं इथेच लावावीत असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा भावाला सांगा, ‘गुणसूत्र बदललेलं’ म्हणून कोणी पाकीट विकायला आलं तर घेऊ नये. हे वाण पैदासकारांच्या कामाचे आहेत. हलक्या जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर सरळ देशी वाण लावून पाहायचा असेल, तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या विद्यापीठात पेरणीच्या बरंच आधी चौकशी करावी. त्याची सरकी पुढच्या वर्षी घरचीच पेरता येते. फक्त कापूस विकायला कुठे न्यायचा, आखूड धाग्याला गिऱ्हाईक कोण, हे आधी विचारून मगच पेरा करावा.