वाचक विचारतात: जाहिरात लागली की घशाला कोरड का पडते?

प्रश्न: नमस्कार, मी कोल्हापूरला मंगळवार पेठेत राहते. पोरगा सातवीत आहे, फुटबॉलचं लई वेड, शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमची मॅच असली की घरात थांबत नाही. खेळून आला की पाणी नको, ताक नको, कोल्ड्रिंकच पाहिजे, आणि ते पण टीव्हीवर हिरो उडी मारून पितो तेच. म्हणतो ते प्यायलं की डेरिंग येतं. मी ओरडते, पण खरं सांगू का, ती जाहिरात लागली की माझ्यापण घशाला कोरड पडते. हे नेमकं काय करतात?

उत्तर: ताई, तुमच्या घशाला कोरड पडते ना, ती पडावी म्हणूनच सगळं रचलेलं असतं. टीव्हीवरून चव पाठवता येत नाही, मग उरतात डोळे आणि कान. पुढच्या वेळी सुरुवातीचे काही सेकंद नीट बघा, ऊन, धूळ, घाम, सगळा रंग पिवळट तांबूस, कुणीतरी कपाळ पुसतंय, म्हणजे बाटली दिसायच्या आधीच तुम्हाला तहान लावून ठेवलेली असते. मग झाकण उडतं, फस्स आवाज येतो आणि तो इतका जवळून की बाटली जणू आपल्याच हातात उघडली, आणि लगेच सगळं चित्र गार निळसर होतं. बाटलीवरचे ते थेंब बऱ्याचदा ग्लिसरीन आणि पाणी मिसळून फवारलेले असतात कारण साधं पाणी शूटिंगच्या लाइटखाली ओघळतं, वाळतं. ग्लासातला बर्फ पण पुष्कळदा ॲक्रिलिकचा, वितळायला नको म्हणून. फोटोग्राफीवाल्यांना हे सगळं माहीत आहे, पोरांना मात्र कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

आता डेरिंगचं. हिरो आधी घाबरलेला किंवा अडकलेला असतो, एक घोट घेतो आणि लगेच उडी. घोट आणि उडी एकाला लागून एक दाखवली की आपलं डोकं आपोआप धरून चालतं की ह्याच्यामुळे ते झालं. तसं कुणी तोंडानं म्हणत नाही बरं का, म्हणून खोटं पकडता पण येत नाही, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की स्टंट तज्ज्ञांनी केलाय, तुम्ही करू नका. ती ओळ पोराला मोठ्यानं वाचायला लावा.

आणि त्याला ही एक गोष्ट नक्की सांगा. 1977 ला कोका-कोला भारत सोडून गेली, त्याच वर्षी पारलेनं थम्स अप काढलं. 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि थम्स अप विकत घेतलं, पण बंद केलं नाही, आजपण विकते. दोन्ही कोलाच, मालक एकच, पण एकाच्या जाहिरातीत घरचे लोक, सण, जेवणाचं ताट आणि दुसऱ्याच्यात मर्दानगी, स्टंट. मग डेरिंग बाटलीत असतं का जाहिरातीत, हे त्यालाच ठरवू दे. सातवीतल्या पोराला हे कळतं, आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं.

मला जास्त राग येतो तो प्रेमाच्या जाहिरातींचा. 1971 ला कोका-कोलानं इटलीतल्या एका टेकडीवर देशोदेशीची तरुण पोरंपोरी उभी केली, हातात बाटल्या, सगळे मिळून गाणं म्हणतात. जगातली माणसं एकत्र यावीत ही इच्छा आपल्या सगळ्यांची असते, ती घेतली आणि बाटलीला चिकटवली. आपल्याकडे हेच रुसलेला भाऊ, परगावाहून आलेली लेक, गच्चीवरचे मित्र असं येतं. मॅच जिंकल्यावर तालमीची पोरं खांद्यावर हात टाकून उभी राहतात ना, तो आनंद त्यांनी धावून मिळवलेला असतो, तो कंपनीच्या नावावर जायचं काहीच कारण नाही.

ओरडणं सोडा, लेबल वाचायची सवय लावा. साध्या कोलात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 300 मिलीत तीसेक ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम म्हणते. खेळून आल्यावर आधी पाणी पोटभर द्या, मग काय मागतोय ते बघा.

प्रश्न: माझं शाहूपुरीत छोटं दुकान आहे. कंपनीनं फ्रीज दिलाय, पुढं त्यांच्याच बाटल्या लावायच्या अशी अट. त्याचा एवढा फायदा होतो का त्यांना?

उत्तर: होतो दादा, म्हणून तर देतात. टीव्हीवर लावलेली तहान तुमच्या दारात येऊन उघडते, काचेचं दार, आत लाइट, तोंड रस्त्याकडे, रांगेत एकच रंग. अट कागदावर असेल तर ती नीट वाचा, आणि फ्रीजमध्ये जागा नसली तरी काउंटरवर माठ आणि ग्लास ठेवायला कोण अडवतंय? एप्रिल-मेमध्ये कोकम सरबताचा बोर्डपण लावा, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसेल असा.