उधारी विक्रीवर बुडीत कर्जाची तरतूद किती धरायची?

नागपूरच्या इतवारीत होलसेल कापड, 2024-25 ची उधारी विक्री 88 लाख, त्यातला 3 लाखांचा माल परत, तरतूद (बुडू शकणाऱ्या उधारीपोटी आधीच खर्च टाकून बाजूला धरलेली रक्कम) खात्यात आधीचे 30,000 जमा. यावर सरसकट 5 टक्के धरू का, असं विचारलंय. 5 कुठून आले? टक्का तुमच्याच खतावणीतून काढा.

मागच्या तीन वर्षांची उधारी विक्री घ्या. रोख आणि जागेवर यूपीआयने आलेली वगळा, परत आलेला माल वजा करा. बुडालेल्या बाकीत जीएसटी असतो आणि तो सरकार परत देत नाही, तेव्हा विक्रीही जीएसटीसकट धरा.

खरी गडबड पुढे होते. 2023-24 मध्ये राइट ऑफ केलेली (बुडाली म्हणून खात्यातून काढून टाकलेली) बाकी बहुधा 2021-22 च्या बिलांची असते. तिला 2023-24 च्या विक्रीने भागलं आणि धंदा वाढता असेल, तर टक्का उगाच कमी दिसतो. म्हणून बुडालेली रक्कम बिलाच्या तारखेप्रमाणे त्या-त्या वर्षात टाका, नंतर वसूल झालेली वजा करा.

समजा तीन वर्षांची विक्री 2.10 कोटी आणि बुडाले 2.52 लाख, म्हणजे 1.2 टक्के. यंदाच्या निव्वळ 85 लाखांवर 1,02,000. नोंद: बुडीत कर्ज खर्च नावे, तरतूद जमा. विक्रीच्या टक्क्याने तरतूद काढताना यातून आधीचे 30,000 वजा करायचे नाहीत. शिल्लक 1,32,000 होईल. जुनी शिल्लक वजा होते ती येणे बाकीचं वय (बिलाला किती दिवस झाले ते) पाहून तरतूद काढताना, कारण तिथे खर्च नव्हे तर खात्यातली शेवटची शिल्लक ठरवतो. दोन्ही पद्धतींची सरमिसळ झालेले ताळेबंद खूप दिसतात.

तरीही 31 मार्चला वयानुसार यादी काढून पडताळा घ्याच. काटोल-नरखेडकडचे दुकानदार संत्र्याचा पैसा हाती आला की देतात. त्यांची दिवाळीची बिलं 150 दिवस जुनी दिसली तरी लगेच बुडीत समजू नका. यादीतून तरतूद 1.60 लाख हवी असं निघालं, तर 28,000 आणखी तरतूद खात्यात जमा करा. फरक दरवर्षी एकाच बाजूला पडत असेल, तर टक्का बदला.

पार्टी खरंच बुडाली की तरतूद नावे, पार्टी जमा. नफा-तोट्याला पुन्हा नेऊ नका, खर्च आधीच पडलाय.

आयकरात मात्र या तरतुदीची वजावट मिळत नाही. पार्टीचं खातं प्रत्यक्ष राइट ऑफ केलं त्या वर्षी मिळते, आणि ती रक्कम आधी विक्री म्हणून उत्पन्नात आलेली हवी. कर्ज बुडाल्याचं सिद्ध करण्याची गरज नाही, पुस्तकातली नोंद पुरते, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये टीआरएफ या कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलंय. तेव्हा राइट ऑफ पार्टीवार करा. एकगठ्ठा नोंदीवर असेसमेंटमध्ये प्रश्न येतात.