पोट सारखं बिघडतं. हे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याची चाल बिघडणं) की आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्याला सूज येण्याचे आजार), कसं ओळखायचं?
शौचातून रक्त, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागणं, घटणारं वजन, ताप किंवा कमी हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर आयबीएस समजून अंगावर काढू नका. आयबीएसमध्ये आतड्याची चाल बिघडते, पण आत सूज नसते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आयबीडीच्या आजारांत सूज आणि जखमा असतात. ती सूज शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन (सूज असताना शौचात वाढणारं प्रथिन) चाचणीत दिसते. झाकणाला चमचा असलेल्या डबीत नमुना द्यायचा, संकोच वाटतो खरा, पण कोलोनोस्कोपीपेक्षा (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासण्यापेक्षा) बरं! आकडा ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आयबीडीची शक्यता फार कमी. मात्र वाढलेला आकडा म्हणजे आयबीडीच असं नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी किंवा जंतुसंसर्गानेही तो चढतो, आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी अगदी क्रोन्ससारखा दिसू शकतो.