शाळेपासून शंभर यार्ड

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की तू रडून झालेली आहेस. "बाई, मला हायलायटर वाटला," असं तू दोनदा म्हणालीस. नंतर फोटो पाठवलास. चष्मा पुसून नीट पाहिला. ई-सिगारेट होती, जिला पोरं व्हेप म्हणतात. बोटाएवढी फिकट निळी नळी, एका टोकाला तोंडात धरायची चपटी चोच, दुसऱ्या टोकाला ओढलं की लुकलुकणारा दिवा. तुझ्या वर्गातल्या एका मुलाच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी ठेवलेली. आणि तू सांगितलंस की टोपण काढल्यावर हापूसचा वास आला. मला सगळ्यात लागलं ते तेच. नववीतल्या पोराला कडू तंबाखू कुणी देत नाही, आंबा देतात.

"याचं काय करू?" असं तू विचारलंस आणि मी फोनवर घाईत काहीतरी उत्तर दिलं. तेवढ्यानं भागायचं नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी पंचवीसेक वर्षं शाळेत तंबाखूच्या मागे लागले होते, त्यातलं कामाचं ते तुला द्यावं असं मनात आहे.

आधी त्या मुलाविषयी. त्याला वर्गासमोर उभं करू नकोस. परिपाठात नाव घेऊ नकोस. मी ते केलेलं आहे. आठवीतल्या एका मुलाच्या खिशात पुडी सापडली, मी ती सगळ्या शाळेसमोर उंच धरून दाखवली आणि त्याला मैदानाच्या मधोमध उभा केला. तेव्हा मला वाटलं, बाकीच्यांना जरब बसेल. त्या दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी घरी गेले, आईला भेटले, पण पोरगं घराच्या मागच्या दारानं निघून गेलं. पुडी सुटली नाही, शाळा सुटली. अजूनही प्रार्थनेच्या ओळी पाहिल्या की तो उभा दिसतो. तू हे करायचं नाहीस.

दुसरं, ती नळी तुझ्या टेबलाच्या खणात ठेवू नकोस. मुख्याध्यापकांना सांग, लेखी नोंद करा आणि पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या. आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अध्यादेश आला आणि त्याच डिसेंबरात ई-सिगारेटवर बंदी घालणारा कायदा झाला. बनवणं, आयात करणं, वाहून नेणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळंच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसत्या साठ्यालाही सहा महिने किंवा पन्नास हजार. कायद्याचा रोख धंदा करणाऱ्यावर आहे. तेव्हा पोलिसांना सांगायचं ते हे, की ही वस्तू आमच्या गल्लीपर्यंत पोचते आहे, कुणी पोचवली ते शोधा. पोराला पुढे करायचं नाही. मुलगा म्हणतो ना, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली, त्यातून मागवली? मग तो धागा आईवडिलांच्या संमतीनं पोलिसांपर्यंत जाऊ दे.

आता मला खरं जे सांगायचं आहे त्याकडे येते. तू म्हणालीस, "बाई, यावर तर बंदी आहे, मग हे आलं कसं?" बंदी हवीच होती, मी तिच्या बाजूची आहे. पण बंदी एका वस्तूवर असते आणि पोरांना चटक लागते ती निकोटीनची. ते नळीतून येतं, पुडीतून येतं, बिडीतून येतं, आजीच्या डबीतूनही येतं. आपण एक दार लावतो आणि तीन उघडी ठेवतो.

आजीची डबी म्हणाले ते माझ्याच घरातलं आहे. लहानपणी सकाळी जाग यायची ती तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूच्या वासानं. आजी ती काळी कुळकुळीत होईतो परतायची, मग वरवंट्यानं बारीक करून पितळी डबीत भरायची. मी सहा-सात वर्षांची असेन. दात घासायला म्हणून बोटावर चिमूट मिळायची. घरात कुणी त्याला व्यसन म्हणत नव्हतं, सगळे "दात घासणं" म्हणत. पुढे शिक्षिका झाले तेव्हा सातवीतली एक मुलगी रोज दुसऱ्या तासाला डोकं धरून बसायची. मधल्या सुट्टीत घरी पळायची आणि हसत परत यायची. दोन महिने मला वाटत होतं, चष्मा लागला असेल. ती घरी मिश्री लावायला जात होती. डोकं दुखणं म्हणजे निकोटीनची ओढ, हे मला, मिश्रीच्या घरात वाढलेल्या बाईला, कळलं नाही. कारण आमच्याकडे त्याचं नाव दुसरंच होतं.

आज त्या नळीचं नाव "वाफ" आहे. तुझ्या विद्यार्थ्यानंही तेच सांगितलं, "टीचर, सिगारेट नाही, नुसती वाफ आहे." ती पाण्याची वाफ नव्हे. आत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. बॅटरीवरची तार तापते आणि त्याचा फवारा छातीत जातो. साधं निकोटीन घशाला झोंबतं, मग नवखा ओढणारा खोकतो. नव्या नळ्यांत त्यात आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार करतात, मग झोंबणं कमी होतं आणि नवख्या पोरालाही मोठी मात्रा सहज ओढता येते. खोकला ही शरीराची राखण असते. ती राखणच बाजूला सारली. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्यात चौदाव्या वर्षी हे सुरू झालं की सवय किती खोल रुजते ते वेगळं सांगायला नको. वर्गात हे असंच सांग, फळ्यावर नळीचं चित्र काढून. भीती घालू नकोस. पोरं भीतीला हसतात, यंत्र कसं चालतं ते मात्र कान देऊन ऐकतात.

एकच दार लावल्यावर काय होतं ते अमेरिकेत आकड्यांत दिसलं. तिथे २०१७ मध्ये हायस्कूलच्या मुलांपैकी ११.७ टक्के ई-सिगारेट ओढत होती, २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५. चारांतलं एक पोर. मग २०२० च्या सुरुवातीला तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं नळीत बदलून बसवायच्या स्वादाच्या कुप्यांवर, म्हणजे कार्ट्रिजवर, कारवाई सुरू केली, पण वापरून फेकायच्या नळ्या त्यातून वगळल्या. वापर एकूण उतरला खरा, पण ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांत फेकाऊ नळ्या वापरणारी २०१९ मध्ये २.४ टक्के होती ती २०२० मध्ये २६.५ टक्के झाली. एका वर्षात. जे दार उघडं राहिलं तिकडे सगळी रीघ.

आपल्याला हे वाचून नवल वाटायला नको, आपण ते टपरीवर पाहिलं आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. थोड्याच दिवसांत आमच्या एसटी स्टँडसमोर दोन माळा लटकायला लागल्या, एक साध्या पानमसाल्याची, दुसरी तंबाखूच्या बारीक पुड्यांची. गिऱ्हाईक दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करायचं आणि तोंडात टाकायचं. गुटखा बंद आणि गुटखा चालू. तिकडे विदर्भात सुपारी-तंबाखू पन्नीत घोटून केलेला खर्रा, इकडे तसाच मावा. त्यांना तर छापील पुडीही लागत नाही, मग पुडीवरचं चित्र कुठून दिसणार? पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र असावं, हे २०१६ पासून आपल्याकडे लागू आहे. पण पोरगं पाकीट घेतंच कुठे? ते एक सिगारेट घेतं, टपरीच्या दोरीला बांधलेल्या लायटरनं पेटवतं. म्हणून २०२० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता तू शाळेतून घरी जाताना सहज बघ, सुटी मिळते की नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की शाळेनं व्हेपची वेगळी मोहीम काढू नये. व्हेप, सिगारेट, बिडी, गुटखा, मावा, मिश्री, सगळं एकाच वहीत, एकाच समितीपुढे, एकाच नियमाखाली. ब्रिटननं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेत विधेयक आणलं त्याच्या नावातच तंबाखू आणि व्हेप दोन्ही शेजारी आहेत, आणि १ जानेवारी २००९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तंबाखू कधीच विकायचा नाही असं त्यात म्हटलं. त्यांचा मार्ग आपल्याहून वेगळा आहे. मोठ्यांना सिगारेट सोडायला ते व्हेपची मदत घेऊ देतात, आणि तशी मदत होते असे चांगले पुरावेही आहेत. हे तू मुलांपासून लपवू नकोस. एखादा हुशार मुलगा विचारेल, तेव्हा सरळ सांग की चाळीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा आणि ज्यानं कधीच काही ओढलं नाही अशा चौदा वर्षांच्या मुलाचा वेगळा. पण दोन्ही वस्तू एका नजरेखाली ठेवायच्या, हे त्यांचं मला पटतं.

आपल्या देशात २०१९ च्या पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के कुठला ना कुठला तंबाखू वापरत होती. त्याहून मला झोप न लागू देणारा आकडा वेगळा आहे: सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के, बिडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी दहावा वाढदिवस व्हायच्या आत सुरुवात केली होती. दहा म्हणजे चौथी-पाचवी. तुझ्या शाळेत प्राथमिकचे वर्ग आहेत ना? मग काम नववीत सुरू करू नकोस, तिथे सुरू कर.

कायद्याचं हत्यार तुझ्या हातात आहे, फक्त कुठलं उचलायचं ते कळायला हवं. २००३ च्या तंबाखू कायद्याचं सहावं कलम सांगतं की अठराच्या आतल्याला विकायचं नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायचं नाही. पण दंड दोनशे रुपयांपर्यंत. टपरीवाला तो सकाळी भरतो आणि दुपारी मोकळा होतो. बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. मी कधी ते कुणावर लावायला लावलं नाही. एकदा फक्त कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला वाचून दाखवलं. त्याचा स्वतःचा मुलगा पाचवीत होता. तो काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यात टपरीचं तोंड रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला झालं, आणि महिनाभरात ती तिथून हललीच. त्याला आम्ही पोटावर मारलं नाही हेही तुला सांगायला हवं. पालकसभेत बोलून नव्या जागी त्याच्याकडे वह्या-पेनं ठेवायला लावली आणि मुलांना त्याच्याकडूनच घ्यायला सांगितलं. टपरीवाल्याशी भांडून शाळा जिंकत नाही, तो रोज तिथे असतो.

मुलाच्या आईला आधी एकटीला बोलाव, वडिलांना नंतर. आईनं "आमच्या घरात असलं काही नाही" म्हटलं तर वाद घालू नकोस, घरात कोण काय लावतं ते हळूच विचार. मुलाला डोकं दुखणं, चिडचिड, झोप न लागणं होत असेल तर ती शिस्तीची बाब नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांग. तंबाखू सोडायला सरकारची फुकट दूरध्वनी सेवा आहे, १८००-११२-३५६. तो क्रमांक फलकावर लाव, आणि मुलांना दिसेल असा लाव, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर नको. तिथे उभं राहून क्रमांक लिहून घेणारं पोर कुणाच्या तरी नजरेत येतं. पाण्याच्या टाकीशेजारी लाव.

आणि रेघ मार. तंबाखूमुक्त शाळेच्या नियमांत शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारायला सांगितलेली आहे. आमच्याकडे रेघ मारायच्या दिवशी आठवीच्या मुलांनी स्वतः अंतर मोजलं होतं. मोजताना टेप फाटकापासून धरायचा नाही, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारी बाजूंना धरायचा, हे त्यांनीच नियमात वाचून मला दाखवलं. मोजता मोजता त्या वर्तुळात सात दुकानं निघाली. मुलांनी ती भूगोलाच्या वहीत नकाशा काढून दाखवली. तोवर आम्ही सगळे शिक्षक म्हणत होतो, एकच टपरी आहे.

माझा जुना कापडी टेप आमच्याकडून पुण्याला येणाऱ्या एकाजवळ पाठवते आहे. तीस मीटरचा आहे. तीन वेळा टाकावा लागेल, आणि चौथ्या खेपेला जवळजवळ दीड मीटर आणखी मोजायचा. टेपाचं टोक मुलांच्या हातात दे, तू फक्त रंगाचा डबा धर.

तुझी,
बाई