लिनक्सवरचा सर्व्हर विंडोजवर नेण्यात वेळ घालवू का?

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सवर सी भाषेत चॅट सर्व्हर लिहिला. हेडर वगैरे बदलून तो विंडोजवर कंपाइल झाला, पण क्लायंट जोडला की लगेच तुटतो. मित्र म्हणतात, हे सोड, वेब डेव्हलपमेंट शिक. यात करिअर आहे का?

उत्तर: आहे, आणि तू हे अर्धवट सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आधी तुटणाऱ्या कनेक्शनचं बघू. रिसीव्ह टाइमआउट, म्हणजे डेटा यायची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, लावला आहेस का? लिनक्स तिथे सेकंद आणि मायक्रोसेकंद असं स्ट्रक्चर मागतं, तर विंडोज मिलिसेकंदांचा एकच आकडा. तेच स्ट्रक्चर विंडोजला दिलंस, तर तुझे 5 सेकंद तिथे 5 मिलिसेकंद धरले जातात, आणि सर्व्हर लगेच वाट बघणं सोडून कनेक्शन तोडत असेल. कंपाइलर फार तर वॉर्निंग देतो. अशा जागा पुष्कळ आहेत. विंडोजवर सॉकेट, म्हणजे नेटवर्क कनेक्शनचं प्रोग्रामकडचं टोक, बंद करायला क्लोज चालत नाही, क्लोजसॉकेट लागतं. सॉकेटची एरर लिनक्ससारखी एररनो या व्हेरिएबलमध्ये सापडत नाही. अनेक सॉकेट्सवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या सिलेक्ट फंक्शनची मर्यादा लिनक्सवर 1024, विंडोजवर बदलली नाहीस तर 64. सॉकेट्स 1983 मध्ये 4.2 बीएसडी युनिक्सबरोबर आले. विंडोजने पुढे बरीचशी नावं तीच घेतली, पण आतली व्यवस्था स्वतःची ठेवली. त्यामुळे कोड ओळखीचा दिसतो आणि वागतो निराळा.

हे फरक हुडकून काढणारी माणसं डेटाबेस, ब्राउझर, व्हीपीएन, ऑनलाइन गेम करणाऱ्या टीम्सना लागतातच. जागा मात्र वेब डेव्हलपमेंटपेक्षा कमी, आणि फ्रेशरला थेट शिरकाव अवघड. म्हणून वेबचा एखादा प्रोजेक्ट जरूर कर, फक्त त्यासाठी हा टाकू नकोस.

आणि पोर्टिंग करताना, म्हणजे कोड दुसऱ्या सिस्टमवर नेताना, इफडेफ ('ही सिस्टम असेल तरच हा कोड घे' अशा अटी) कोडभर पेरत बसू नकोस. सिस्टमनुसार बदलणारं सगळं एका फाइलमध्ये ठेव, बाकी सर्व्हरला आपण कुठे चालतोय हे कळताच कामा नये. मग नोड.जेएसच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पोटात असलेल्या लिबयूव्ही या लायब्ररीचा सोर्स वाच. अनेक कनेक्शन्स एकदम सांभाळायला प्रत्येक सिस्टमची आपली सोय असते: लिनक्सचं ईपोल आणि मॅकचं केक्यू 'आता वाचता येईल' असं कळवतात, विंडोजचं आयओसीपी 'वाचून झालं' असं. हे दोन्ही एका इंटरफेसखाली कसं बसवलंय, ते समजायला वेळ लागेल. तो दे.

रिझ्युमेत नुसतं 'क्रॉस-प्लॅटफॉर्म सर्व्हर' लिहू नकोस. कनेक्शन का तुटत होतं आणि ते तू कसं शोधलंस, हे दोन ओळींत लिही. जाणकार मुलाखतकार तुला त्यावरच बोलतं करेल.