क्यूची ख्रिसमस फेरी पहिल्यांदाच करताय?

तिकीट काढताना वेळ विचारपूर्वक निवडा. क्यू गार्डन्समध्ये, म्हणजे लंडनच्या वनस्पतिउद्यानात, अंधारात प्रकाशशिल्पं बघत चालायच्या या फेरीला ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात, आणि डिसेंबरात लंडनला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी मी हौसेनं अगदी लवकरची वेळ घेतली; सुरुवातीची प्रकाशशिल्पं उजेडात पार फिकी दिसली. पूर्ण अंधार पडल्यावरच जा.

कोट सगळेच जाड घालतात, पाय मात्र विसरतात. चालताना थंडी वाजत नाही. एखाद्या शिल्पापुढे दहा मिनिटं उभं राहिलात की ती तळव्यांतून वर चढते. लोकरीचे मोजे आणि जाड तळाचे बूट हवेतच. ओल्या पानांवर गुळगुळीत तळ हमखास घसरतो.

पहिल्याच शिल्पापाशी सगळी गर्दी फोटोसाठी तुंबते. तिथे अडकू नका. खरा वेळ राखा पाम हाउससाठी. 1848 साली पूर्ण झालेलं हे झाडांसाठीचं लोखंड-काचेचं घर तळ्याच्या पलीकडून बघा: काचेवर रंग सरकतात, खाली पाण्यात तेच उलटे दिसतात, आणि एखादं बदक मधूनच जाऊन सगळं चित्र मोडून टाकतं. मला तर तो मोडलेला क्षणच जास्त आवडतो!

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, स्क्रीनवर बोट दाबून उजेड थोडा कमी करा. एरवी फोन आतल्या खिशात असू द्या, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

मुलं बरोबर असतील तर स्वच्छतागृह आधीच उरकून घ्या.